कुदळीच्या घावाखाली: शिएंगखुआंगच्या शेतातले न फुटलेले बॉम्ब

व्हिएतनाम युद्ध संपून काही वर्षं झाल्यावर शेजारच्या लाओसच्या शिएंगखुआंग प्रांतात मेनोनाइट आणि क्वेकर या दोन ख्रिस्ती पंथांच्या सेवाभावी संस्थांनी शेतकऱ्यांना बेलचे वाटले. लांब दांड्याचा, पायाने दाबून मातीत घालायचा साधा बेलचा, आपल्याकडे वाळू-खडी उपसायला वापरतात तसा. बॉम्ब निकामी करणारं सुसज्ज पथक तेव्हा त्या प्रांतात नव्हतं, आणि ते यायला १९९० चं दशक उजाडावं लागलं.

बेलचाच का, हे ज्याने कधी ढेकळं फोडली आहेत त्याला लगेच कळेल. कुदळ, टिकाव, आपलं फावडंसुद्धा, ही सगळी उचलून मारायची अवजारं. लाओ शेतकऱ्याचं अवजारही त्याच जातीचं आहे. डोक्यापर्यंत न्यायचं आणि अंगाच्या जोराने खाली आणायचं. पावसाआधी जमीन कडक असते तेव्हा घाव अधिकच जोरात बसतो. त्या घावाखाली चेंडूएवढा बॉम्ब आला, तर माणूस नेमका त्याच्यावर वाकलेला असतो. बेलचा मात्र पायाच्या दाबाने हळूहळू आत जातो. टणक काही लागलं तर पायाला, हाताला कळतं आणि थांबता येतं. खात्री नाहीच, पण थांबायला एक क्षण मिळतो.

त्या वाटपात एक कबुली होती, आणि मला ती या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी दिसते. शेतकरी खणायचं थांबणार नाही. जमिनीत काय आहे हे त्याला बाहेरच्या कोणाहीपेक्षा नीट ठाऊक आहे, तरी तो खणणार, कारण भात तिथेच पिकतो. न फुटलेल्या बॉम्बांचा विषय निघाला की ‘लोकांमध्ये जागृती करा’ हे वाक्य फार चटकन तोंडी येतं. शिएंगखुआंगची गेली पन्नास वर्षं पाहिली की ते किती तोकडं आहे ते दिसतं.

रांजणांचं पठार

शिएंगखुआंग हा लाओसच्या ईशान्येला, व्हिएतनामच्या सीमेला लागून असलेला डोंगराळ प्रांत. मधोमध हजार मीटरहून उंच गवताळ पठार आहे, हिवाळ्यात चांगलंच गारठणारं. त्या पठारावर ठिकठिकाणी दगडात कोरलेले प्रचंड रांजण उभे-आडवे पडले आहेत, काही तर माणसाहून उंच. लोहयुगातल्या लोकांनी ते अंत्यविधीसाठी कोरले असावेत असं पुरातत्त्वज्ञ मानतात. गावातली कथा वेगळी आहे. राक्षसांच्या राजाने लढाई जिंकल्यावर भाताची दारू साठवायला ते करवून घेतले म्हणे. २०१९ साली युनेस्कोने या जागांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्याआधी तिथे पर्यटक जावेत म्हणून बॉम्ब शोधून काढावे लागले होते. आजही पायवाटेच्या कडेला लाल-पांढऱ्या खुणेच्या विटा आहेत. पांढऱ्या बाजूची जमीन तपासलेली, लाल बाजूची नाही.

१९६२ च्या जीनिव्हा कराराने लाओस तटस्थ देश ठरला. परकी सैन्यांनी निघून जायचं होतं. कराराच्या देखरेखीसाठी जो आंतरराष्ट्रीय आयोग होता, त्याचं अध्यक्षपद भारताकडे होतं आणि सोबत कॅनडा व पोलंड होते. म्हणजे पुढे जे घडलं ते घडत असताना आपल्या देशाचे अधिकारी त्या भूमीवर होते, ही गोष्ट आपल्याकडे आज क्वचितच कुणाला आठवते. उत्तर व्हिएतनामचं सैन्य लाओसमधून हललं नाही, कारण दक्षिणेकडे रसद नेणारा त्याचा मार्ग लाओसच्या जंगलातून जात होता. अमेरिकेनेही सीआयएच्या मार्फत हमोंग या डोंगरी जमातीच्या लोकांची फौज उभी केली. रांजणांचं पठार पथेट लाओ या कम्युनिस्ट चळवळीच्या आणि त्याच्या व्हिएतनामी मित्रांच्या हाती होतं, मग हातातून जात होतं, परत येत होतं. देश कागदावर तटस्थ असल्यामुळे अमेरिकेला उघड युद्ध करता येत नव्हतं. ते आकाशातून आणि गुपचूप झालं.

१९६४ ते १९७३ या ९ वर्षांत अमेरिकी विमानांनी लाओसवर ५ लाख ८० हजारांहून अधिक फेऱ्या केल्या. सरासरी काढली तर दर ८ मिनिटांना एक, दिवसरात्र. २० लाख टनांहून जास्त बॉम्ब पडले. देशाची लोकसंख्या तेव्हा तीस लाखांच्या आत होती. दरडोई हिशेब केला तर इतका बॉम्बवर्षाव जगात दुसऱ्या कोणत्याही देशावर झालेला नाही.

१९६८ च्या नोव्हेंबरात उत्तर व्हिएतनामवरचे हल्ले थांबवले गेले. ती विमानं लाओसकडे वळवली गेली आणि पठाराची सर्वांत वाईट वर्षं सुरू झाली. लोक गुहांत आणि जमिनीत खणलेल्या खंदकांत राहायला गेले. शेतं रात्री कसायची, चूल दिवसा पेटवायची नाही, कारण धूर वरून दिसतो. १९६९ साली तिथून व्हिएन्टिएन या राजधानीजवळच्या छावण्यांत आणलेल्या माणसांशी फ्रेड ब्रॅनफमन हा तरुण अमेरिकी स्वयंसेवक बोलला, तेव्हा ही गोष्ट बाहेर येऊ लागली. त्याने त्या लोकांकडून चित्रंही काढून घेतली. वहीच्या पानावर घर, म्हैस, भाताचं खाचर, वर विमान, खाली आडवी पडलेली माणसं.

फुसका नव्हे

या बॉम्बवर्षावात २७ कोटींहून अधिक छोटे बॉम्ब होते. क्लस्टर बॉम्ब म्हणजे एक मोठी पोकळ डबी. ती हवेत उघडते आणि पोटातले शेकडो छोटे बॉम्ब खाली विखुरतात. लाओसमध्ये सर्वांत जास्त सापडतो तो ब्लू-२६. टेनिसच्या चेंडूएवढा गोल, वजनाने अर्ध्या किलोच्या आत, आणि कवचातच शेकडो पोलादी छर्रे बसवलेले. एका डबीत असे साडेसहाशेहून जास्त. लाओ लोक त्याला ‘बॉम्बी’ म्हणतात. इंग्रजी शब्दाचं हे लाडिक वाटणारं रूप त्यांच्या भाषेत कायमचं बसलं आहे. मीही पुढे तोच शब्द वापरतो.

बॉम्बी जिवंत कसा होतो हे समजून घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा धोका त्या यंत्रणेत आहे. त्याच्या कवचावर उभ्या पट्ट्या असतात. खाली पडताना हवेमुळे तो गरगर फिरू लागतो. फिरण्याचा वेग पुरेसा झाला की आतल्या खिट्या बाजूला सरकतात आणि फ्यूज, म्हणजे स्फोट घडवणारी कळ, सज्ज होतो. मग जमिनीवर आपटला की स्फोट. काही जातींना मुद्दाम उशिरा फुटणारा फ्यूज होता, म्हणजे हल्ला संपला असं समजून माणूस बाहेर येईल तेव्हा फुटणारा. ठरल्याप्रमाणे सगळं झालं तर छर्रे चहूबाजूंना उडतात आणि वीस-तीस मीटरवरचा माणूसही सुटत नाही.

पण सगळं ठरल्याप्रमाणे होत नाही. बॉम्बी झाडाच्या फांद्यांत अडकतो, चिखलात किंवा भरल्या खाचरात अलगद पडतो, कमी उंचीवरून टाकला गेला तर पुरेसा फिरतच नाही. लाओसमध्ये सुमारे ३० टक्के बॉम्बी फुटले नाहीत असा अंदाज आहे. म्हणजे ८ कोटींच्या आसपास.

दिवाळीत न वाजलेल्या फटाक्याला आपण फुसका म्हणतो, आणि त्याच्याकडे जाणाऱ्या पोराला घरातून ओरडा बसतो. ती सावधगिरी बरोबर आहे, शब्द मात्र इथे चुकीचा ठरेल. फुसक्या फटाक्याची वात विझलेली असते, दारू सर्दावते आणि दुसऱ्या दिवशी तो कचऱ्यात जातो. बॉम्बीचं तसं नाही. त्याची खिटी सरकलेली असू शकते, फक्त शेवटचा धक्का मिळालेला नसतो. आतली स्फोटकं घट्ट कवचात आहेत, पन्नास पावसाळ्यांनी ती निकामी झालेली नाहीत. गंजामुळे उलट भरवसा आणखी कमी होतो. कोणता बॉम्बी हलवला तर काही होणार नाही आणि कोणता बोट लागताच जाईल, हे बाहेरून पाहून तज्ज्ञालाही सांगता येत नाही. म्हणून ते त्याला हात लावत नाहीत.

परत आलेली माणसं

१९७३ साली युद्धबंदी झाली. छावण्यांतली, गुहांतली माणसं आपापल्या शिवारात परतली. मुआंग खून हे प्रांताचं जुनं मुख्य ठाणं उद्ध्वस्त झालं होतं. तिथल्या एका विहाराचे खांब आणि छप्पर नसलेल्या जागी बसलेली बुद्धाची जळकी मूर्ती आजही आहे. नवं ठाणं फोनसावनला वसवलं गेलं. माणसांना घरं नव्हती, जनावरं नव्हती. होती ती जमीन, आणि जमिनीत आणि जमिनीवर लोखंड.

लोखंडाचा उपयोग झाला. क्लस्टर बॉम्बच्या डबीची दोन अर्धुकं लांबट पन्हळीसारखी असतात. ती खांबांवर ठेवून त्यांत कांद्याची पात, कोथिंबीर लावली गेली, कुंपणं उभी राहिली, धान्याची कोठारं त्यांच्यावर तोलली गेली. नापिया नावाच्या गावात लोक युद्धातल्या अ‍ॅल्युमिनियमचे चमचे ओततात, राखेच्या साच्यात. पर्यटक हे फोटो आवडीने काढतात आणि लोकांच्या कल्पकतेचं कौतुक करतात. मला त्या फोटोंत आधी टंचाई दिसते. हाताशी दुसरं काहीच नसेल, तेव्हा माणूस आपल्या घरावर पडलेल्या वस्तूचा भाजीचा वाफा करतो.

भंगाराला भाव होता, आणि त्याने अनेक जीव घेतले. विशेषतः या शतकाच्या सुरुवातीला लोखंडाचे दर चढले तेव्हा स्वस्तातले धातुशोधक यंत्र घेऊन माणसं, कधी पोरंही, डोंगर धुंडाळू लागली. पुढे बंदी कडक झाली, दरही उतरले, आणि या कारणाचे अपघात कमी झाले. हे महाराष्ट्राच्या वाचकाला परकं वाटू नये. नगरजवळच्या लष्करी सराव क्षेत्राभोवती तोफगोळ्यांचं भंगार वेचताना माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ २०१८ च्या नोव्हेंबरात जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन ६ जण गेले, तेव्हाही भंगाराच्या आशेवर जगणाऱ्या आसपासच्या लोकांची चर्चा झाली होती. भुकेपोटी माणूस सगळीकडे सारखाच वागतो.

बाकीचे अपघात घरच्या कामातले आहेत. बांध घालताना, कुंपणाचा खांब रोवताना, बांबूचे कोंब खणताना, मासे ठेवायला तळं खोदताना. आणि आग पेटवताना. हे कारण बाहेरच्या माणसाला सुचत नाही. थंडीत अंगणात शेकोटी केली, शेतावर भात शिजवायला तीन दगड मांडले, आणि खाली वीतभर मातीखाली बॉम्बी होता. जमीन तापली की तो फुटतो. शेकोटीभोवती घरचीच माणसं दाटीने बसलेली असतात. डोंगरउतारावर झाडोरा तोडून, जाळून, मग पेरणी करायची पद्धत तिथे आहे. आपल्या कोकणात, मावळात राब भाजतात ती मंडळी हे काम चटकन ओळखतील. शिएंगखुआंगमध्ये रान पेटवलं की माणसं लांब जाऊन उभी राहतात आणि आवाज मोजतात. आवाज झाला तर एक कमी झाला, असा तो हिशेब.

१९६४ पासून २००८ पर्यंत लाओसमध्ये ५० हजारांहून अधिक माणसं अशा न फुटलेल्या दारूगोळ्याने मेली किंवा जखमी झाली, असं राष्ट्रीय पाहणीत दिसलं. त्यांतली सुमारे २० हजार युद्ध संपल्यानंतरची. २००८ साली वर्षाला ३०० च्या आसपास अपघातग्रस्त होते. गेल्या दशकात हा आकडा बहुतेक वर्षी काही डझनांवर आला. ही मोठी घट आहे आणि ती अनेक माणसांच्या मेहनतीची आहे. तरी त्यातला एक भाग हटत नाही, तो मुलांचा.

चेंडूसारखी वस्तू

२०१७ च्या मार्चमधली घटना. शिएंगखुआंगमधली १० वर्षांची मुलगी शाळेतून घरी येत होती. वाटेत तिला एक गोल वस्तू दिसली. लाओसमध्ये फ्रेंच राजवटीपासून पेटाँक हा लोखंडी गोळ्यांचा खेळ घराघरांत खेळला जातो. तिला तो पेटाँकचा गोळा वाटला, आणि ती तो घरी घेऊन आली. घरी माणसं जमली होती. बॉम्बी फुटला. मुलगी गेली आणि डझनभर माणसं जखमी झाली, त्यांत मुलंही होती.

तिच्या जन्माच्या तीसहून अधिक वर्षं आधी युद्ध संपलं होतं. तिच्या आईवडिलांच्या पिढीनेही ते धड पाहिलेलं नसणार.

या घटनेपाशी मी पुन्हा पुन्हा येतो, कारण ‘जागृती’चा युक्तिवाद इथेच सर्वांत जास्त ऐकू येतो. मुलीला शिकवलं असतं तर तिने उचलला नसता, असं. शिएंगखुआंगच्या शाळांत शिकवतात. बॉम्बींची चित्रं भिंतीवर असतात, कठपुतळ्यांचे खेळ होतात, गाणी आहेत. ते काम करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे आणि त्याने नक्कीच जीव वाचले आहेत. पण चित्रातला बॉम्बी स्वच्छ असतो. वाटेवरचा बॉम्बी मातीने माखलेला, गंजून तपकिरी झालेला, अर्धा गवतात असतो. दहा वर्षांच्या मुलीने रोजच्या वाटेवर, रोज, प्रत्येक गोल वस्तू बरोबर ओळखावी अशी अपेक्षा आपण करतो, तेव्हा बॉम्ब टाकणाऱ्याची जबाबदारी दप्तर पाठीला असलेल्या मुलीवर टाकतो. धोका तिच्या अज्ञानात नव्हता. तो वाटेवर पडलेला होता.

जे वाचतात त्यांची गोष्ट हात, डोळे, पाय यांची. व्हिएन्टिएनमध्ये कोप नावाची संस्था १९९७ पासून कृत्रिम अवयव देते. तिच्या केंद्रात लोकांनी स्वतः बनवलेले जुने पाय टांगून ठेवले आहेत. लाकडाचे, बांबूचे, पत्र्याचे, कितीतरी वर्षं वापरलेले. ते पाहिल्यावर कळतं की मदत पोचायला किती उशीर झाला. वाढत्या वयाच्या मुलाचा कृत्रिम पाय तर वरचेवर बदलावा लागतो, आणि डोंगरातल्या गावातून राजधानीची वारी प्रत्येक वेळी कुणाच्या तरी मजुरीचे दिवस खाते.

एकेक चौरस मीटर

१९९४ मध्ये माइन्स अ‍ॅडव्हायजरी ग्रुप ही ब्रिटिश संस्था शिएंगखुआंगमध्ये कामाला लागली. १९९६ मध्ये यूएक्सओ लाओ (यूएक्सओ म्हणजे न फुटलेला दारूगोळा) हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. पुढे राष्ट्रीय नियामक यंत्रणा आली. आज हे काम करणारी बहुतेक माणसं त्याच गावांतली आहेत. शिएंगखुआंगमध्ये केवळ बायकांची पथकंही आहेत. ज्यांच्या घरातलं कुणी गेलं, त्यांच्यातल्या काही जणी हातात धातुशोधक घेऊन शेतात उतरतात.

काम दोरीने सुरू होतं. जमिनीवर दोऱ्या ताणून मीटरभर रुंदीचे पट्टे आखतात. पट्ट्यात एक माणूस यंत्र डावी-उजवीकडे फिरवत पुढे सरकतो. आवाज आला की खूण. मग खूण केलेल्या जागी सरळ वरून न खणता कडेने, खुरप्याने, माती बाजूला सारत जायचं. बहुतेक वेळा छर्रा निघतो, खिळा निघतो, डब्याचं झाकण. शंभर आवाजांत एखादा बॉम्बी. तो दिसला की कामच थांबतं. जागेवरच त्याच्याशेजारी स्फोटकं ठेवतात, कर्णा घेऊन गावाला सांगतात, रस्त्यावर माणसं उभी करतात आणि लांबून उडवतात. फोनसावनच्या आसपास दुपारनंतर असा दबका आवाज आला तर कुणी मान वर करून पाहत नाही.

शेतजमीन साधारण २५ सेंटीमीटर खोलीपर्यंत तपासतात. नांगराला आणि कुदळीला तेवढी पुरते. पण तळं खणायचं, घराचा पाया घालायचा, शाळेची इमारत बांधायची, तर खोल जावं लागतं आणि पुन्हा तपासणी लागते. पाटबंधारा, रस्ता, शाळा, दवाखाना, प्रत्येक कामाच्या आधी हा खर्च आहे. या देशाच्या गरिबीचा नकाशा आणि बॉम्बवर्षावाचा नकाशा एकमेकांवर ठेवले तर बरेच ठिकाणी जुळतात. लोक गरीब असल्यामुळे खणतात, आणि खणता न आल्यामुळे गरीब राहतात.

आधी पथकं मागणी आली की ती जमीन पूर्ण तपासायची. पुष्कळदा तिथे काहीच निघायचं नाही आणि वर्ष वाया जायचं. आता आधी सर्वेक्षण करतात. गावकऱ्यांशी बोलायचं, कुठे काय दिसलं ते नकाशावर लावायचं, चौकोन आखून झटपट तपासायचं आणि खात्रीने धोक्याची असलेली जमीनच रेखायची. ही सुधारणा मोठी आहे. माझ्या मते त्या प्रांतातल्या सगळ्यांत परिणामकारक निर्णयांपैकी ती एक आहे, कारण तिने गावकऱ्याच्या माहितीला पहिलं स्थान दिलं. म्हाताऱ्याला आठवत असतं कुठल्या ओढ्यापाशी विमानं वळायची.

तरी आकडे जड आहेत. लाओस सरकारच्या अंदाजाने सुमारे ८ हजार ५०० चौरस किलोमीटर जमिनीवर असे बॉम्ब असू शकतात. म्हणजे अख्ख्या बृहन्मुंबईच्या क्षेत्राच्या सुमारे चौदापट. सर्वेक्षणाने पक्कं आखलेलं क्षेत्र त्याहून बरंच कमी आहे, आणि ते वाढत चाललं आहे. अलीकडच्या वर्षांत साफ होणारी जमीन वर्षाला ५० चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. भागाकार वाचकाने स्वतः करावा. लाओसने संयुक्त राष्ट्रांच्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांना स्वतःचं १८ वं जोडलं आहे: न फुटलेल्या दारूगोळ्यापासून सुरक्षित आयुष्य.

पैसा बाहेरून येतो, आणि त्यात अमेरिकेचा वाटा मोठा राहिला आहे. २०१६ च्या सप्टेंबरात बराक ओबामा व्हिएन्टिएनला आले. पदावर असताना लाओसला जाणारे ते पहिले अमेरिकी राष्ट्राध्यक्ष. तीन वर्षांसाठी ९ कोटी डॉलर त्यांनी जाहीर केले. त्याआधीच्या दोन दशकांत मिळून साधारण तेवढेच मिळाले होते. ही चांगली गोष्ट होती. पण जबाबदारी ‘मदत’ या सदरात ठेवली की ती कुणाच्या तरी मर्जीवर राहते. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी रोखली, तेव्हा तिच्या पैशावर चालणाऱ्या इथल्या पथकांचं कामही थांबलं. यंत्रं पेटीत गेली. शेतं तिथेच होती.

करार, आणि कराराबाहेरचे

क्लस्टर बॉम्बांवर बंदी घालणारा करार २००८ च्या मे महिन्यात डब्लिनमध्ये ठरला, डिसेंबरात ओस्लोमध्ये त्यावर सह्या झाल्या आणि १ ऑगस्ट २०१० पासून तो लागू झाला. २००६ च्या उन्हाळ्यात दक्षिण लेबनॉनवर युद्धाच्या अखेरच्या काही दिवसांत इस्रायलने लाखो छोटे बॉम्ब टाकले. त्यातल्या एका जातीला आपोआप नष्ट होणारी यंत्रणा होती, ते १ टक्क्याच्या आतच नापास होतील असा दावा होता. शेतात मोजल्यावर हे प्रमाण त्याच्या कितीतरी पट, १० टक्क्यांच्या आसपास निघालं. ‘सुधारलेला क्लस्टर बॉम्ब’ या कल्पनेचा आधार तिथे गेला. कारखान्याच्या चाचणीत जमीन कडक आणि सपाट असते, युद्धात तिथे खाचर असतं, झाडं असतात.

लाओस सह्या करणाऱ्या पहिल्या देशांत होता. सदस्य देशांची पहिली बैठक २०१० च्या नोव्हेंबरात व्हिएन्टिएनमध्येच भरली. कराराप्रमाणे १० वर्षांत जमीन साफ व्हायची होती. ते कुणालाच शक्य वाटत नव्हतं, आणि लाओसला मुदतवाढ मागावी लागली, मग पुन्हा मागावी लागली.

अमेरिका, रशिया, चीन या करारात नाहीत. पाकिस्तान नाही, आणि भारतही नाही. भारताने २०१० मध्ये अमेरिकी कंपनीकडून सीबीयू-१०५ जातीचे क्लस्टर बॉम्ब घेण्याचा करार केला. सीमेवरची परिस्थिती, रणगाड्यांचा मुकाबला, ही त्यामागची कारणं मला समजतात. पण आपल्या दोन्ही सीमांवर शेती आहे, मेंढपाळ आहेत, शाळा आहेत. दुसऱ्याच्या अंगणात न फुटलेलं काय पडेल आणि आपल्याच जवानांनी उद्या तिथून चालायचं ठरलं तर काय, हे प्रश्न आपल्या संसदेत आणि वर्तमानपत्रांत विचारले जायला हवेत. जिथे भारताने एकेकाळी शांतता आयोगाचं अध्यक्षपद सांभाळलं, त्या लाओसचं ऐकायला तरी आपण बसलं पाहिजे.

२०२३ च्या जुलैत अमेरिकेने युक्रेनला क्लस्टर तोफगोळे द्यायचं ठरवलं. न फुटण्याचं प्रमाण २.३५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, असं तेव्हा सांगितलं गेलं. रशिया आधीपासूनच त्या युद्धात क्लस्टर बॉम्ब वापरत होता. लाओसच्या परराष्ट्र मंत्रालयाने, या शस्त्राचा जगातला सर्वांत मोठा बळी म्हणून, त्याच्या वापराविरुद्ध निवेदन काढलं. २०२५ मध्ये लिथुएनिया करारातून बाहेर पडला. सह्या करून पुन्हा मागे फिरलेला तो पहिला देश.

एक फोन

शिएंगखुआंगमध्ये रोजचं काम मात्र या निवेदनांच्या खूप खाली चालतं. शेतात खणताना शेतकऱ्याला गोल काही दिसतं. जुन्या पद्धतीने तो शेजारी एक काठी रोवतो, वर फांद्या आडव्या टाकतो, आणि तेवढा तुकडा सोडून बाकीचं शेत करतो. कित्येक शेतांत अशा काठ्या वर्षानुवर्षं होत्या. आता बहुधा तो गावप्रमुखाला सांगतो आणि गावप्रमुख पथकाला फोन करतो. फिरतं पथक येतं, कधी दोन दिवसांनी, कधी पावसाने रस्ता गेला तर दोन आठवड्यांनी.

पथकातली बाई गुडघ्यावर बसून बॉम्बीच्या बाजूला स्फोटकाचा तुकडा ठेवते, वायर ओढत मागे येते. कर्ण्यावरून तीनदा सांगितलं जातं. कोंबड्यांसकट सगळे बांधाच्या मागे. आवाज होतो, मातीचा फवारा उडतो. खड्ड्यात पुन्हा यंत्र फिरवून पाहतात, वहीत जागेचा आकडा लिहितात, शेतकऱ्याचा अंगठा किंवा सही घेतात.

गाडी निघते. शेतकरी खड्ड्यात माती लोटतो, पायाने दाबतो, आणि कालच्या अर्ध्या राहिलेल्या सरीपाशी जाऊन उभा राहतो. पुढची सरी तपासलेली नाही. पाऊस आठवड्यावर आला आहे.